बाहेरच्या खोलीतून

सासूबाईंची मालिका संपायला अजून अवकाश होता आणि डागवालीला लघवीला लागली होती. शेजारी नवरा तोंड उघडं टाकून घोरत होता. तो बेकरीत रात्रपाळी करायचा. त्याच्या घामाला आंबलेल्या पिठाचा वास असे. ती सकाळपाळीहून आली की दुपारचा एवढाच वेळ दोघांना एकत्र मिळायचा. संडास बाहेरच्या खोलीपलीकडे होता आणि बाहेरच्या खोलीत, बरोबर वाटेत, सासूबाई टीव्हीपुढे पाय पसरून बसलेल्या. विस्कटलेल्या केसांनी त्यांच्यासमोरून कोण जाणार? ती पाय आवळून पडून राहिली. नेहमीप्रमाणे.

दोन दिवसांत जळजळ सुरू झाली, तीही नेहमीप्रमाणे. लघवी थेंब थेंब, काचेचा चुरा बाहेर पडावा तशी. गढूळ, आणि वास असा की तिने स्वतःच नाक फिरवलं.

डागवाली हे तिचं कामावरचं नाव. हॉटेलच्या धुलाईखात्यात चादरींचे ढीग यायचे. कुणाचं रक्त, कुणाची ओकारी, कुणाचं आणखी काही. नाकाला फडकं न लावता ती डाग निरखायची आणि नेमकी बाटली उचलायची. परक्यांच्या घाणीची किळस कधीच सरली होती. आता स्वतःची यायला लागली होती. नवरा म्हणालाच होता, "तुझंच काहीतरी घाण आहे. मला कुठे काय होतं?" तेव्हापासून ती मगात जंतुनाशक ओतून तिथे धुवायची. आधी झाकणभर. फरक पडेना, तसं जास्त. हट्टी डागाला ती असंच करायची.

"हे कशाने धुता?" तपासून झाल्यावर हातमोजे काढत डॉक्टरीणबाईंनी विचारलं. कातडी सोलवटली होती.

तिने सांगितलं, धुलाईखात्यातल्या सवयीसकट.

"अहो, चादर आहे का ती?"

तिला हसू आलं, आणि मागोमाग रडू.

"ही घाण नाही, बाई. शौचाच्या जागेजवळ सगळ्यांच्याच कातडीवर जंतू असतात. संबंधाच्या वेळी ते पुढे ढकलले जातात. बाईचा लघवीचा मार्ग आखूड, पुरुषाचा लांब. म्हणून तुम्हाला होतं, त्यांना सहसा नाही. आणि त्या बाटलीने तुम्ही तुमचे राखणदार जंतूही मारलेत."

"मग काय करू?"

"साधं पाणी पुरे. दिवसभर पाणी पीत जा. लघवी तुंबवू नका. आणि संबंधानंतर लवकर जाऊन या. जाता ना?"

तिने मान खाली घातली. "वाटेत सासूबाई असतात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. असं कारण त्यांच्या पुस्तकात नसावं. लघवी तपासायला पाठवली, गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, बरं वाटलं तरी मध्येच सोडायच्या नाहीत. "एवढं करूनही पुन्हा झालं तर या. त्यावरही उपाय आहेत."

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. त्याच्या हातातला कप तोंडाशी थांबला.

"म्हणजे झालं की लगेच उठून पळायचं? मी काय गटार आहे?"

"घाण तर तुम्ही मला म्हणालात."

"हळू बोल. आई ऐकेल."

"ऐकू द्या. तुम्हीच सांगा त्यांना, दुपारी जरा खुर्ची तिकडे खिडकीशी घ्या म्हणून."

"मी? आईला? असलं सांगू?" त्याचं तोंड वाकडं झालं. "काहीतरीच तुझं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. नखांत वाळलेलं पीठ, ओठांवर चहाची साय. तिला किळस आली. आणि पहिल्यांदाच ती स्वतःची नव्हती.

गोळ्या संपल्या. मग एका दुपारी नवरा कूस बदलून घोरू लागला, तेव्हा ती उठली. केसांची गाठ मारली. कडी काढली.

"काय गं, आत्ता?" सासूबाईंनी टीव्हीवरची नजर काढून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"लघवीला जाते."

"शी! थोडी कळ काढता येत नाही? आम्ही नाही का संसार केले? बाहेर सासरे बसलेले असायचे. असं कधी उठून आलो नाही."

"मग काय करायचात?"

"काय करायचं? पडून राहायचं."

"आणि जळायचं नाही?"

सासूबाईंनी रिमोट उचलला. आवाज वाढवला.

संडासात गेल्यावर सवयीने तिचा हात नळाकडे गेला. लघवीचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती नेहमी नळ सोडायची. तिने हात मागे घेतला. आवाज झाला. जळलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा सासूबाईंनी वाटेतले पाय आखडून घेतले. वाट द्यायला की विटाळ नको म्हणून, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

डागवालीने पेला भरला आणि तिथेच, सासूबाई आणि टीव्हीच्या मध्ये उभं राहून, सगळं पाणी सावकाश प्यायलं.