हाक आली आणि मीच ओ दिली

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. कागदाची नव्हे, कॉम्प्युटरमधली. माझ्यात जेमतेम नऊ ओळी आहेत आणि त्यांतल्या एका ओळीपायी एका माणसाचा डोळा गेला. ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

२००६ साली भाईंदरच्या इंद्रलोकमध्ये राहणाऱ्या मिनलने मला लिहिले. गोडदेवच्या एका रक्ततपासणीच्या लॅबसाठी ती जावा भाषेत प्रोग्रॅम करत होती. एखाद्याचा रिपोर्ट धोक्याचा निघाला, की त्याच्या डॉक्टरांना आपोआप एसएमएस जायचा. कोणत्या दवाखान्याचा नंबर कोणता, ते माझ्यात लिहिलेले असे. मुर्धा गावातल्या दवाखान्याच्या नावापुढे डॉक्टर पंढरीनाथांचा नंबर होता. मिनलने मला प्रोग्रॅमच्याच गाठोड्यात बांधले. या गाठोड्याला जार म्हणतात. दीड वर्ष माझे काम चोख चालले. लॅबचे मालक ईश्वरभाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “मशीन कभी भूलता नहीं.” मला फार भारी वाटायचे.

मग डॉक्टर पंढरीनाथ दवाखाना डॉक्टर दिव्या यांच्याकडे सोपवून रायगडला गावी गेले. मिनलने नव्या नंबराची नवी फाईल केली. पुढे लॅबवाल्यांना स्वतः बदल करता यावा म्हणून ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. नाव मात्र माझेच दिले, आणि जारमधल्या मला काढायचे ती विसरली.

प्रोग्रॅमला फाईल हवी असली, की तो नुसते नाव पुकारतो आणि ठरलेल्या जागा एकामागून एक धुंडाळतो. जागांच्या या यादीला क्लासपाथ म्हणतात. त्या नावाची जी फाईल पहिल्यांदा सापडते, ती तो उचलतो. पुढे बघतच नाही. मिनलच्या घरच्या कॉम्प्युटरवर यादीत फोल्डर आधी होता, म्हणून तिथे नवाच नंबर निघाला. लॅबमध्ये जार आधी होता. त्यामुळे हाक आली की मीच ओ देत होते. बरोबर नंबर घेऊन बसलेल्या नव्या फाईलला कोणी विचारलेच नाही.

अशातच मुर्ध्याच्या राघोला ताप आला. राघो मासेमार. “धोक्याचं काही निघालं तर मी लगेच फोन करीन,” असे डॉक्टर दिव्यांनी त्याला रक्त तपासायला पाठवताना सांगितले होते. त्याच्या प्लेटलेट्स दीड लाखाच्या जागी फक्त चौदा हजार उरल्या होत्या. लॅबमधल्या रीमाने रिपोर्ट भरला. प्रोग्रॅमने हाक मारली आणि मी जुना, आता बंद पडलेला नंबर दिला. पडद्यावर ‘मेसेज गेला’ अशी अक्षरे उमटली. रीमा निश्चिंत झाली.

तिसऱ्या दिवशी राघोची बायको शकू धापा टाकत लॅबमध्ये आली.

“बाय, डाक्टरीनचा फोन न्हाय आला. आमाला वाटला, सगला बरा हाय. आज ह्यांच्या हिरड्यांतशी रगत येतंय, नि एका डोल्यानी दिसत न्हाय!”

राघो हॉस्पिटलमधून वाचून आला. डावा डोळा मात्र गेला तो गेलाच.

ईश्वरभाई रीमावर भडकले. “नंबर तूनेही गलत डाला होगा. कल से मत आना.”

“मी नंबरला हातपण नाही लावला, सर,” म्हणत रीमा रडू लागली.

त्यांनी मिनलला बोलावले. तिने नवी फाईल उघडली, तर नंबर अगदी बरोबर! ती चक्रावली. शेवटी तिने प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: उचललेल्या फाईलचा पत्ता दाखव. पडद्यावर माझा पत्ता आला.

मिनलचा चेहरा उतरला. तिथे हे समजणारे तिच्याशिवाय कोणीच नव्हते. खरे सांगते मित्रांनो, तिने गप्प बसावे असेच मला त्या क्षणी वाटले. तिच्याबरोबर मीही सुटले असते आणि रीमाची नोकरी गेली असती. याची मला अजून लाज वाटते.

पण मिनल उठली. “रीमाची काही चूक नाही. जुनी फाईल मी काढली नाही, आणि इथे येऊन एकदाही तपासलं नाही.”

राघो आणि शकू पुन्हा तपासणीसाठी राघोचे रक्त द्यायला आले होते, बाकावरच बसले होते. मिनलने त्यांच्यासमोर हात जोडले.

“तुजी माफी घेऊन ह्यांचा डोला येनार हाय का?” शकू म्हणाली.

तेव्हा राघो हळूच बोलला, “माजा सोर. माज्यासारका अजून कोन राह्यलाय का, ता बग आदी.”

हे कोणाच्याच डोक्यात आले नव्हते. रीमाने डोळे पुसून रिपोर्ट काढले. मुर्ध्याचे आणखी तीन मेसेज असेच गेले होते. दोघांनी दुसरीकडे उपचार घेतले होते. तिसरी म्हातारी शेवंती. तिची साखर भयंकर वाढली होती, रिपोर्ट आदल्या दिवशीचा होता, आणि ती फोन उचलत नव्हती.

“शेवंती आमच्या आलीतलीच हाय,” म्हणत शकूनेच शेजाऱ्याला फोन लावला. म्हातारी घरात अर्धवट शुद्धीत पडली होती. तिला डॉक्टर दिव्यांकडे नेले आणि ती वाचली.

ईश्वरभाईंनी रीमाला थांबवून घेतले. मिनलने मला जारमधून काढून एका कोपऱ्यात ठेवले. आता मला कोणी हाक मारत नाही, हेच बरे आहे.

मित्रांनो, नवे काही लिहिलेत तर जुने कुठे उरले ते आधी शोधा. उरलेले जुने आपण होऊन गप्प बसत नाही. आणि काम झाले असे पडद्यावर दिसले तरी लगेच हात झटकू नका. रीमा हल्ली प्रत्येक मेसेजनंतर डॉक्टरांना फोन करून विचारते, “मिळाला ना?” या दोन शब्दांना किती वेळ लागतो? राघोच्या वेळी तेवढा वेळ कोणी काढला नाही, आणि चुकीचा नंबर देणारी मी होते.