वकीलबाईंची बाजू

वर्गात तिला सगळे वकीलबाई म्हणत, आणि तिलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला. दर शुक्रवारी तास संपले की मुलं सरांच्या खोलीत जमायची. कुणीतरी तंत्रज्ञानाची ताजी बातमी आणायची आणि त्या तंत्रज्ञानामुळे माणसांचं काय भलंबुरं होईल यावर वाद घालायचा. बाजूने कोण, विरुद्ध कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरे. स्वतःला काय वाटतं ते गेलं चुलीत. सर म्हणायचे, "न पटणारी बाजू मांडता आली, तर डोकं चालतं म्हणायचं."

एका शुक्रवारी बातमी आली परीक्षेतल्या कॅमेऱ्याची. संगणकावर पेपर सोडवताना हा तुमच्या नजरेवर पाळत ठेवणार, नजर इकडेतिकडे गेली की कॉपी धरून पेपर बंद करणार. वकीलबाईंना बाजूची चिठ्ठी आली. असली पाळत तिला मुळीच पटत नव्हती, पण उभी राहिली आणि अशी काही सुटली की विचारू नका. "सुपरवायझर झाला तरी माणूसच. त्याला कुणी आवडतं, कुणी डोळ्यांत सलतं. यंत्राला ना सोयरे, ना वैरी. ते तोंड बघून संशय घेत नाही." पोरांनी खोली डोक्यावर घेतली. मागे प्राचार्य मॅडम येऊन बसल्या होत्या, त्याही मान डोलवत होत्या.

पुढच्या सत्रात कॉलेजात कॅमेरे आले. 'विद्यार्थ्यांच्या चर्चेतून आलेली सूचना' असं नोटिशीत छापलं होतं. वकीलबाई ते वाचून चांगलीच फुशारली.

आणि पहिल्याच परीक्षेत मैनाचा पेपर बंद पडला. मैना म्हणजे होस्टेलवर तिच्याच खोलीत राहणारी मैत्रीण. तिचा डावा डोळा तिरळा. बिचारी बघत होती प्रश्नाकडे, कॅमेऱ्याला वाटलं शेजारणीकडे. कॉपीचा ठपका बसला की शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती गेली की मैनाचं शिक्षण संपलं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

वकीलबाई तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली. "मॅडम, तिचा डोळाच तसा आहे. यंत्राला काय कळणार?"

"यंत्र तोंड बघून संशय घेत नाही, असं तूच म्हणालीस ना?"

"ती चिठ्ठी होती, मॅडम. वाट्याला आलं म्हणून बोलले. मला ते पटत नव्हतं."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अगं, तुझं ऐकून मी परीक्षा समितीपुढे कॅमेऱ्यांच्या बाजूने बोलले. आणि तुला पटत नव्हतं?"

वकीलबाईंचे कान लाजेने तापले. मॅडम म्हणाल्या, "डोळ्याच्या डॉक्टरचा दाखला आणायला सांग तिला. ठपका काढते. माझ्यासमोर बसून पुन्हा पेपर देऊ दे, कॅमेऱ्याशिवाय."

वकीलबाईंचा जीव भांड्यात पडला. धावतच ती होस्टेलवर आली. मैना घरी परत जायच्या तयारीने पलंगावर बॅग उघडून कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. हिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"बरं झालं," मैना म्हणाली. "पेपर देते." पण हात काही थांबवले नाहीत. "म्हणजे पुन्हा समोर माणूसच."

"म्हणजे?"

"शाळेत असल्यापासून दर परीक्षेत कुणीतरी येतं आणि माझी मान धरून सरळ करतं. शेजारी बघू नकोस म्हणतं. पोरी हसतात. तू त्या दिवशी बोललीस ना, तेव्हा सगळ्यांत जास्त टाळ्या मी वाजवल्या. वाटलं, सुटले एकदाची."

वकीलबाई तिच्याशेजारी बसली.

"चिठ्ठी होती, ते माहीत आहे गं मला," मैना म्हणाली. "पण बोलताना तुला पटत होतं ना?"

"नाही," वकीलबाई म्हणाली.

मैनाने तिच्याकडे न बघता हातातल्या कुडत्याची घडी पुरी केली आणि दुसरा घेतला.