पाला कमळाबाईचा

गोदूबाईच्या कणगीतल्या भाताला वर्षभर किडा लागत नसे. निर्गुडीचा पाला सावलीत वाळवून ती भाताच्या थरांत घाली, एवढंच. भिवंडीच्या कॉलेजात शिकवणारा रामदास दोन वर्षं तिच्या गावी, पूर्ण्याला येऊन किडे मोजत बसला आणि त्र्याहत्तर साली इंग्रजी शोधनिबंध टाईप करून घेऊन आला. मासिकाकडे धाडण्याआधी त्यानं तो गोदूबाईला मराठीत सांगितला. ती तांदूळ पाखडत ऐकत होती.

"ही शेवटी नावं कोणाची रं?"

"ज्यांच्या लिखाणातून घेतलं त्यांची, मावशी. तुमचं वर आभारात आहे."

"आन् मला ज्यानं दिलं त्याचं?"

"कोणी दिलं?"

"कमळानं. माझ्या जावेनं."

रामदास हसला. "वाटण्या झाल्यापासून तुमचं तिच्याशी बोलणं नाही!"

"बोलणं न्हाय. पाला तिचाच हाय. तिचं नाव घाल, न्हायतर माझं बी काढ."

"अहो, छापलेल्यांचंच घालतात. संपादक परत धाडतील. माझा पहिलाच निबंध आहे."

"येऊ दे परत."

रामदासनं डोकं खाजवलं आणि यादीच्या तळाशी लिहिलं : कमळाबाई, पूर्णा, जिल्हा ठाणे. तोंडी माहिती.

निबंध छापून आला. संपादकांनी 'तोंडी माहिती' तेवढं गाळलं, नाव-पत्ता ठेवला.

चार महिन्यांनी जपानहून कोणा संशोधकाचं कार्ड आलं. इंग्रजी म्हणजे रामदासचंच, म्हणून पोस्टमननं ते गोदूबाईकडे टाकलं. रविवारी रामदासनं वाचलं, 'डॉ. कमळाबाई यांस, आपल्या निबंधाची एक प्रत कृपया पाठवावी.'

गोदूबाई पदर तोंडाला लावून हसली. पण कार्ड तिचं नव्हतं. रामदासला घेऊन ती कुंपणापलीकडे गेली. कमळा मासळी साफ करत होती.

"डॉक्टरीणबाई, तुमचं जपानचं कार्ड."

"इतक्या वर्षांनी तोंड उघडलंस ते टिंगल करायला?"

"न्हाय गं. वाच रं, रामदास."

कमळानं हात धुऊन सगळं ऐकलं. "मी कुठं काय लिवलंय?"

"आता सांगा, मी लिहितो," रामदास म्हणाला.

"लिही. पाला दोन दिवस सावलीत वाळवायचा."

"तीन," गोदूबाई म्हणाली.

"मी तुला शिकवलं का तू मला?"

"दोन दिवसांच्या पाल्याला बुरशी धरायची, म्हणून मी तीन केले."

कमळानं पायानं पाट तिच्याकडे सरकवला.

"बस. रामदास, दोनच लिही. आन् खाली लिही, गोदूबाई तीन म्हणते."