काचेत कोंडलेली पोथी

मित्रांनो, मी श्रीलंकेतल्या मातले गावाजवळच्या एका विहारातली ताडपत्राची जुनी पोथी आहे आणि सध्या भयंकर चिडलेली आहे. गोड बोलायची अपेक्षा ठेवू नका.

मला उक्कुहामी नावाच्या माणसाने घडवलं. त्याने ताडाची कोवळी पानं उकळून, वाळवून, घासून गुळगुळीत केली आणि लोखंडी टोकाने त्यांवर बुद्धवचन कोरलं. त्यात त्याची दोन वर्षं गेली. माझ्या पानापानांवरच्या वचनांत आग आहे, दिवे आहेत, ज्योती आहेत. पण नुसती कोरलेली अक्षरं दिसत नाहीत. त्यांवर काजळी आणि तेल चोळून नाचणीच्या पिठाने पुसलं, की मग ती काळीभोर उठून दिसतात. उक्कुहामी हे दरवर्षी करायचा आणि लोक मला ऐकायला बसायचे. तो गेला आणि अक्षरं पुसट झाली. वाचन थांबलं, पूजा तेवढी वाढली. वाळवीने माझी दोन पानं खाल्ली तरी हार घालणाऱ्यांपैकी एकालाही पत्ता नाही!

गेल्या वर्षी एका पौर्णिमेला विहार समितीचे अध्यक्ष विजेपाल यांनी माझ्यासाठी काचेची पेटी आणली, लुकलुकणाऱ्या दिव्यांसकट. सकाळच्या मुहूर्तावर मला आत ठेवून काच कायमची चिकटवायची होती. तेवढ्यात उक्कुहामीची लेक डिंगिरी मेणिके काजळी-तेलाची वाटी घेऊन पुढे आली. ती आता सत्त्याहत्तरची आहे.

"विजेपाला, बंद करायच्या आधी मला जरा चोळू दे. बा होता तेव्हा मी एवढीशी, ऐकता ऐकता झोपून जायचे. त्याने काय लिहिलंय ते मला ठाऊकच नाही."

"मावशी, पवित्र वस्तू आहे. असल्या काळ्या हातांनी कुठे शिवताय?"

"मग माझ्या बाचे हात काय दुधाने धुतलेले होते?"

लोक हसले. विहारातले धम्मसिरी भंते म्हणाले, "एक पान होऊ दे." एक पान! काय पण उपकार!

तिने बोटांनी काजळी चोळली, पिठाने पुसली. भंतेंनी वाचून अर्थ सांगितला. लोभ, द्वेष आणि मोह या मनातल्या आगी आहेत. त्यांना सरपण आपणच घालतो. घालणं थांबवलं, की त्या विझतात.

डिंगिरी मेणिके पानावर वाकली. "आई आणि आत्या भांडायला लागल्या, की बा म्हणायचा, सरपण घालू नका. मला वाटायचं, लाकडं वाचवतोय. मी त्याला चिकट म्हणायचे." तिने डोळे पुसले, तशी सगळी काजळी गालाला लागली. "भंते, अजून एक पान वाचा ना."

विजेपालांनी घड्याळ पाहिलं. मुहूर्त टळत होता. भंतेंनी मला पेटीत ठेवलं आणि काच चिकटवली गेली.

आता ती दर पौर्णिमेला येते आणि काचेला कपाळ टेकून उभी राहते. तिच्या बाची सत्त्याऐंशी पानं अजून वाचायची राहिली आहेत. मित्रांनो, पोथीला दिवे ओवाळू नका, ती वाचा. आणि डिंगिरी मेणिकेला ऐकू येतंय तोवर कुणीतरी ही काच काढा.