पानांवरचा गिलावा

टँकरवाल्याने पाइप खांद्यावर घेतला आणि कुंपणावरून पेरूच्या कलमांवर फवारा सोडला. रोपवाटिकेची मालकीण हातातलं खुरपं टाकून धावली.

“अरे, कोणी सांगितलं तुला?”

“कारखान्याच्या साहेबांनी. उद्या तपासणी आहे ना, झाडं जरा नीटनेटकी दिसू देत म्हणाले.”

तपासणी होती खरी. शेजारच्या सिमेंट कारखान्याच्या धुळीने झाडं मरतात का, हे बघायला सरकारी अधिकारी येणार होत्या. दोन वर्षांत तिची निम्मी कलमं वाळली होती, वाफ्यातल्या मातीत खुरपं शिरत नव्हतं. अर्ज करकरून ती थकली होती. उद्या पानांवर धूळ सापडली नाही, तर तक्रार कायमची निकालात निघणार होती.

टँकर गेला तेव्हा ओली पानं हिरवीगार दिसत होती. ती बांधावर बसली आणि पोटभर रडली.

“घे रडून,” नणंद शेजारी टेकत म्हणाली. “उद्या त्या मेल्या साहेबासमोर नको.”

दुसऱ्या दिवशी अधिकारी बाई आल्या, मागोमाग कडक इस्त्रीतले कारखान्याचे साहेब. मालकिणीचा पाय घरातून निघेना. शेवटी नणंदेने तिला दंडाला धरून बाहेर आणलं.

“मारा फुंकर, मॅडम,” साहेब खुशीत होते. “एक कण उडाला तर माझं नाव बदला.”

बाईंनी फुंकर मारली. काही उडालं नाही. त्यांनी पानावरून रुमाल फिरवला, तोही जवळजवळ स्वच्छच राहिला. पण वाळल्यावर पान तर पुन्हा राखाडी दिसत होतं! मालकीण पुढे झाली. तिने सवयीने ते बोटांत धरून वाकवलं.

कट्‌कन आवाज झाला. तिच्या तळहातावर एक टणक पापुद्रा पडला, त्यावर पानाच्या शिरान्‌शिरा उमटलेल्या.

अधिकारी बाईंनी तो नखाने वाजवून पाहिला.

“काल पाणी मारलंत, साहेब?”

“थोडंसं. स्वच्छता म्हणून. ही रस्त्याची धूळ असते हो...”

“रस्त्याची धूळ चिखल होऊन ओघळते. ही घट्ट झालीय. सिमेंटला पाणी लागलं की काय होतं, ते मी सांगायचं तुम्हाला?”

साहेबांची उभी हयात सिमेंटमध्ये गेली होती. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

अधिकारी बाईंनी तिथेच पंचनामा लिहिला आणि खाली आदेश दिला : धुराड्याला गाळणी बसेपर्यंत भट्टी बंद.

“नमुन्याला अजून चार-पाच पानं लागतील,” त्या म्हणाल्या.

“हवी तेवढी घ्या, बाई,” मालकीण म्हणाली. “साहेबांनी अख्ख्या बागेला गिलावा करून दिलाय.”

साहेबांनी खाली मान घालून सही केली. नणंदेने पदर तोंडाला लावून हसू दाबलं. मालकिणीने दाबलं नाही.