व्हॅनमधली समोरासमोरची बाकं

व्हॅन आमच्या पडद्यांच्या धंद्याची. आठवडाभर लेक तिच्यातून पडदे, दांड्या आणि शिडी घेऊन लोकांच्या घरी जाते. सुट्टीला त्याच व्हॅनमध्ये आम्ही दोघांनी तळ्याकाठी मुक्काम करायचा, असं ह्यांच्या मनात आलं. जन्म लोकांच्या खिडक्या सजवण्यात गेला, आता एक खिडकी आपली, म्हणाले.

मला खिडकीचं अप्रूप नव्हतं. ह्यांचे कान गेलेत, आणि ते कुणापाशी कबूल करत नाहीत. समोर बसून बोललं तर ओठांवरून सगळं कळतं. शेजारी बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं. घरात ते टीव्हीपुढे, मी मशीनवर. दिवस सरतो आणि चार शब्द होत नाहीत. व्हॅनमध्ये तरी बोलणं होईल, एवढीच आशा होती.

कापड एकदा कापलं की कापलं. म्हणून आम्ही आधी सगळं जमिनीवर मांडून बघतो. व्हॅनचंही तसंच केलं. कारखान्याच्या फरशीवर खडूने तिचा आकार काढला, दार म्हणून खुर्ची ठेवली, पलंगाच्या जागी अस्तराचं कापड पसरलं. सुतार कानावर पेन्सिल खोचून आला.

"मागे रुंदीत कायमचा आडवा पलंग, बाजूने ओटा, पुढे रस्त्याकडे तोंड करून दोन खुर्च्या," तो म्हणाला. "दांड्या ओट्याखालून थेट पलंगाखाली. रोज अंथरूण आवरायची कटकट नाही, मावशी."

"झकास!" लेक म्हणाली. तिचं सामान नीट बसत होतं.

सुताराने ह्यांना विचारलं, "काका, पक्कं?" विचारताना तो टेप गुंडाळत खाली बघत होता. ह्यांनी मान हलवली.

"अहो, आडव्या पलंगावर तुमचे पाय खिडकीबाहेर जातील," मी शेजारून म्हणाले.

पुन्हा मान हलली.

"जाऊ देत की," लेक हसली. "मोजे वाळतील."

ती हसली म्हणून हेही हसले. सुतार वहीत लिहायला लागला. माझा धीर सुटला. "अहो, आणि छपरावर हत्ती बांधायचा का?"

"चालेल की," हे गंभीरपणे म्हणाले. "सोयीचं पडेल."

सुतार फिदीफिदी हसला. लेकीचं हसू मात्र ओठावरच विरलं. ती बापाकडे बघत राहिली. ह्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले, काहीतरी चुकलं हे ओळखलं, आणि "मला कामं पडलीत" म्हणत इस्त्रीच्या टेबलाकडे गेले. तिथे इस्त्री करायला काहीच नव्हतं.

मी अस्तर गोळा केलं. खडूच्या आकारात दोन स्टुलं समोरासमोर ठेवली, मध्ये कापड बेतायची फळी टेकवली आणि एका स्टुलावर जाऊन बसले. लेकीने ह्यांच्या दंडाला धरून त्यांना दुसऱ्यावर आणून बसवलं. आमचे गुडघे एकमेकांना लागले.

"तुम्हाला आडवा पलंग हवाय?"

"मला? डोकं फिरलंय का? माझे पाय कुठे मावणार त्यात?"

"मग मघाशी मान का हलवलीत?"

ते फळीवरची धूळ बोटाने पुसत राहिले. मग लेकीकडे वळून, सुतारासमोरच म्हणाले, "ऐकू येत नाही गं मला."

लेक जवळ आली. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही.

"बाकं अशीच हवीत," मी सुताराला म्हटलं. "मधलं टेबल रात्री खाली करायचं, वर गादी टाकायची. पलंग व्हॅनच्या लांबीत उभा होईल, पायही सरळ."

"आणि ताईंच्या दांड्या?"

"छताखाली पट्ट्यांनी अडकवू," लेक म्हणाली.

"रोज रात्री टेबल खाली, रोज सकाळी वर. कंटाळाल, काका." या वेळी सुतार त्यांच्यासमोर वाकून, सावकाश बोलला.

"कंटाळू दे," हे म्हणाले. "अगं, आता बोल. काय सांगायचं होतं तुला?"

इतकं साठलं होतं की कुठून सुरुवात करावी ते सुचेना. शेवटी मी विचारलं, "सुताराला चहा टाकू का?"

"टाक," ते म्हणाले. "पण परत इथेच येऊन बस."