एकाच तारेवर

हिंगोलीतल्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात मेल बंद पडला की सगळंच अडायचं. रक्ताचे नमुने नांदेडच्या लॅबला जायचे आणि रिपोर्ट मेलवर यायचे. म्हणून देवश्रीने दोन सर्व्हर मांडले. एक जुन्या इमारतीत, एक नव्या. दोन्हींत एकेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारा कॉम्प्युटर, आणि दोघांचा मिळून एकच मेल. एक पडलं की दुसऱ्याने त्याचा नेटवर्कवरचा पत्ता उचलायचा आणि काम पुढे चालवायचं. त्यासाठी दोन्ही मशिनं एकमेकांना 'मी आहे, मी आहे' असं सारखं कळवत राहायची. या निरोपासाठी देवश्रीला वेगळी तार हवी होती.

तिच्या हाताखाली विकास होता, वारंगा फाट्याजवळच्या तांड्यावरचा. तो म्हणाला, "मॅडम, त्या तारेसाठीचं दुसरं नेटवर्क कार्ड अजून आलं न्हाई. थांबायचं का?"

व्यवस्थापक चिन्मय दारातच उभा होता. "उद्या विश्वस्त येणार आहेत. सध्या चालतंय ना?"

चालत होतं. देवश्रीने तो निरोप बाकीच्या सगळ्या वाहतुकीबरोबर एकाच तारेवर टाकला. पुढे कार्ड आलं आणि कपाटात पडून राहिलं. ते बसवायचं तर मेल काही वेळ बंद ठेवावा लागणार होता, आणि चिन्मय दर वेळी "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणायचा. तिनेही फार रेटलं नाही.

उन्हाळ्यात शेषराव भरती झाला. डोंगरकड्याचा माणूस, फाट्यावर पंक्चरचं दुकान. साखरेने किडनी खराब झालेली. सकाळी त्याचं रक्त नांदेडला गेलं. दुपारी एक्स-रेची सगळी चित्रं नव्या इमारतीत उतरवून घ्यायचं काम सुरू झालं आणि तार त्यानेच भरून गेली. मशिनांचे निरोप मध्येच हरवले. दुसऱ्या मशिनाला वाटलं, पहिलं मेलं. त्याने पत्ता उचलला. पहिलं मात्र जिवंतच होतं, त्यानेही तो सोडला नाही. मेल येत राहिले, काही इकडे, काही तिकडे.

शेषरावच्या रक्तात पोटॅशियम भयंकर वाढलेलं होतं, हृदय बंद पाडेल इतकं. लॅबमधल्या प्रेमाने ताबडतोब मेल केला, वर फोनही केला. दवाखान्याच्या काउंटरवरून उत्तर मिळालं, "मेल टाकलाय ना? बघतो आमी." वॉर्डातली सिस्टर कॉम्प्युटर पुन्हापुन्हा उघडून बघत होती. तिचा कॉम्प्युटर पहिल्या मशिनाला जोडलेला. रिपोर्ट दुसऱ्याकडे पडलेला. डॉक्टर कालच्या आकड्यांवर औषध देत राहिले. दिवेलागणीला बायको चहा आणायला खाली गेली, तेवढ्यात शेषरावचं हृदय थांबलं.

सकाळी देवश्रीने दोन्ही मशिनं उघडली तेव्हा तिला सगळं दिसलं. ती खुर्चीत बसली ती बराच वेळ उठलीच नाही. विकासने पाणी आणून ठेवलं, तेही तसंच राहिलं.

तिच्याकडून सगळं ऐकल्यावर चिन्मयने दार लावून घेतलं. "दुसरं मशीन पुसून टाक आणि नव्याने बसव. लॅबकडून उशीर झाला असं आपण कळवतोय."

"लॅबने वेळेवर पाठवलं होतं."

"देवश्री, मांडणी तुझी होती. मी तुलाच वाचवतोय."

तो गेल्यावर विकास म्हणाला, "मॅडम, मशीन पुसलं तर त्या लॅबवाल्या ताईवर येईल सगळं."

"माहीत आहे मला."

"मग?"

तिला भीती वाटत होती. घरी वडील, विश्वंभर, निवृत्त कारकून. घर तिच्याच पगारावर चालत होतं. ती दिवसभर त्या पडद्यासमोर बसली, पुसायचा हुकूम टाईप केला आणि खोडला. शेवटी तिने दुसरं मशीन जसंच्या तसं बंद करून ठेवलं, काय घडलं ते संचालकांना लिहून पाठवलं आणि डोंगरकड्याची बस पकडली.

शेषरावची बायको करुणा ओट्यावर बसली होती. आत बायका होत्या. देवश्रीने उभ्यानेच सांगितलं: रिपोर्ट आला होता, वेळेवर आला होता, तिने जोडलेल्या मशिनांमुळे तो डॉक्टरांपर्यंत पोचला नाही.

करुणाला पहिल्यांदा काही समजलंच नाही. मग तिने विचारलं, "रिपोट दिसला असता तर वाचले असते का ते?"

"कदाचित..."

"कदाचित काय? व्हय का न्हाई, तेवढं सांगा."

"बहुतेक, व्हय."

करुणा तिच्याकडे बघत राहिली. "कालपतोर मी म्हनत होते, देवानं नेलं. तेवढ्यावर झोप तरी लागली असती. तुमी आता हे मला काहून सांगून राहिल्या?"

"खोटं दुसऱ्याच्या अंगावर जाणार होतं, ताई."

"मंग खरं माझ्या अंगावर टाकलं व्हय," करुणा म्हणाली. ती रडली नाही. पदर सावरून उठली आणि आत गेली. ओट्यावर देवश्रीला कुणी बसा म्हणालं नाही.

दवाखान्याने चौकशी बसवली. प्रेमाची नोकरी राहिली. चिन्मयची बदली ट्रस्टच्या कॉलेजवर झाली. देवश्रीला राजीनामा द्यायला सांगितलं आणि तिने दिला. करुणाच्या दिराने पोलिसांत तक्रार केली, तिच्यात देवश्रीचं नाव सगळ्यात वर होतं. जबाबाला ती गेली तेव्हा फौजदाराने विचारलं, "तुम्ही स्वतःच जाऊन सांगितलंत?" तिने हो म्हटलं. त्याने मान हलवली आणि लिहून घेतलं.

वेगळी तार विकासने टाकली. त्या दिवशी त्याचा फोन आला.

"मॅडम, कार्ड बसलं बराबर. दोन्ही मशिनं नीट बोलून राहिलीत."

"बरं झालं," ती म्हणाली. विकासने फोन ठेवला.